राणीनं उत्तर द्यायचं नसतं

लग्न झाल्यापासून नवऱ्याला मी 'अहो' म्हणत आले. आता दामू म्हणते. कुणाला खटकत असेल त्यानं कान झाकून घ्यावेत, मला काही फरक पडत नाही.

त्या उन्हाळ्यात गुडगावच्या आमच्या गल्लीत पाण्यावरून रोज भांडणं. समोर गव्हाची शेतं होती, ती बिल्डरनं घेतली आणि त्यावर पांढऱ्या इमारतींची कॉलनी उभी केली. त्यांच्या हिरवळीवर दिवसभर पाणी उडायचं, आणि आमच्या गल्लीत टँकर. टँकर आला की आधी आमच्या घरमालकिणीच्या म्हशी. चौधरीण पाइप स्वतःच्या हातात धरायची आणि ओरडायची, "पहले मेरी भैंस, फिर तू मराठन!" म्हशीच्या मागे नंबर लावायचा, यापुढे माणसानं काय सांगावं? लूचा तापलेला वारा असा वाहायचा की ओला पदर घरात पोचेपर्यंत वाळून कडक व्हायचा.

अशीच एका दुपारी डोक्यावर हंडा आणि हातात बादली घेऊन घरात शिरले, तर खाटेवर एक बाई बसलेली. जीनची पँट, डोक्यावर काळा चष्मा, हातात माझाच पुठ्ठा, त्यानं वारा घेतेय. दामू तिच्यासमोर जमिनीवर उकिडवा. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेसमोर, उकिडवा!

"या, या, इंदूताई," ती मलाच म्हणाली. "मी रसिका. पुण्याची. समोरच्या क्लबचे कल्चरल प्रोग्राम मी बघते. दामूकाकांना मी लहानपणी गणपतीत ऐकलंय, दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरला. माझे मामा तिथे राहायचे."

मी हंडा उतरवला. ओळख काढून आलेलं माणूस काहीतरी मागायलाच आलेलं असतं.

दामू किंगरी वाजवतो. नारळाच्या कवटीची, वर कातडं ताणलेली, घोड्याच्या केसांच्या गजानं वाजवायची. गजाला घुंगरं. त्यावर तो कहाण्या सांगतो. राजा, राणी, राक्षस, पाताळातली परी, बोलणारं झाड. थोडं गायचं, थोडं बोलायचं. परभणीकडच्या आमच्या गावात सासरे मुरलीधरबुवा हेच करायचे. सरकारनं जानेवारीच्या परेडला लोककलावाले बोलावले, त्यात दामू दिल्लीला आला, आणि मग परत जायचं नाव काढेना. श्रीरंगसाहेब म्हणून मोठे अधिकारी होते, त्यांनी क्वार्टरच्या मागची खोली दिली. गणपती, कोजागरी, मराठी शाळा, पानिपताला काला अंबच्या स्मारकावर संक्रांतीचा कार्यक्रम. कुडकुडत्या थंडीत तिथे आम्ही दोघं बसलो होतो आणि पुण्याहून आलेली माणसं रडली होती. पेपरात फोटो आला. फोटोत दोघं होतो. मग साहेब रिटायर झाले, घराघरात केबल आली, पोरांना राक्षस टीव्हीतच दिसायला लागला, आणि आम्ही गुडगावच्या या गल्लीत म्हशीच्या मागे नंबर लावायला आलो.

दोघं म्हणते ते उगीच नाही. कहाणीला हुंकार लागतो. भिंतीला कोण गोष्ट सांगतं? सांगणाऱ्याच्या डाव्या हाताला हुंकार देणारं माणूस बसतं, तिथे मी बसायची. लोकांना वाटतं, काय ते, हं हं तर करायचं! करून बघा म्हणावं. दामूला दम लागला की माझा हं लांबायचा, तेवढ्यात तो श्वास घ्यायचा. तो रेंगाळला की माझा हं आखूड, पाठीत गुद्दा मारल्यासारखा. तो विसरला तर "मग राजा काय म्हणाला?" असं मी विचारायची आणि त्याला सापडायचं. गर्भार असताना, तापात, दिवसभर चार घरची धुणी धुऊनसुद्धा मी ती जागा सोडली नाही. जगात माझ्या नावाची तेवढी एकच जागा होती, सतरंजीचा डावा कोपरा.

रसिका सरबत प्यायली आणि बोलली.

"क्लबचं ओपनिंग आहे. मुलं असतील, त्यांचे पेरेंट्स. दामूकाका, तुमची ती वाळकातल्या राणीची गोष्ट. फेअरीटेल एकदम! मुलांना आवडेल. हिंदीत करा. आणि क्लिक झालं ना, तर दर रविवारी. परमनंट."

"करू की," दामू म्हणाला. त्याला घाम फुटला होता, उकाड्यानं नव्हे.

"फक्त थोडं फ्रेश करू. हुंकार मुलांनीच द्यायचा, म्हणजे पार्टिसिपेशन. आणि तुमच्या शेजारी शिवांगीला बसवू. यंग आहे, नऊवारीत किती गोड दिसेल!"

शिवांगी आमची मुलगी, नववीतली. कोपऱ्यात वेणी घालत होती ती थांबली.

"आणि मी?" मी विचारलं.

रसिका माझ्याकडे बघून हसली. वाईट नव्हतं हसणं, तेच तर जास्त लागलं. "इंदूताई, तुम्हालाही अकोमोडेट करू ना. क्लबला हाउसकीपिंगला बायका हव्याच आहेत. आपलं माणूस असलं की बरं."

मी दामूकडे पाहिलं. दामू किंगरीच्या खुंटीकडे बघत होता. खुंटीला काही झालेलं नव्हतं.

ती गेल्यावर मी परात घेतली आणि पीठ ओतलं. रागात असले की मी कणीक मळते, हात माणसावर पडण्यापेक्षा बरं.

"अहो, बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं होतं?"

"हिच्याशिवाय माझी कहाणी चालत नाही, एवढं. तोंड शिवलं होतं का?"

"अगं, दर रविवारचं काम आहे. बाई म्हणते तर करू. पोरगी आपलीच बसतेय ना, परकी थोडीच आहे?"

"आणि मी फरशी पुसू."

"घरात बसून तरी काय करणारेस?"

असं म्हणाला तो. घरात बसून! तळहातावर टँकरच्या बादलीचे घट्टे घेऊन मी बसले होते त्याच्यासमोर. गरज सरो वैद्य मरो म्हणतात ना, ते मी त्या दिवशी पाहिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण पोरगी होती समोर, म्हणून कणीकच आपटली.

"पापा, यार, भांडू नका," शिवांगी म्हणाली. "मम्मी, हुंकार म्हणजे हाँच ना? तेवढं तर मी बोलू शकते."

"तेवढंच," दामू म्हणाला.

तेवढंच! त्या 'तेवढंच'ची गाठ मी पदराला मारून ठेवली.

मी गेले कामाला. का गेले असं चौधरिणीनंसुद्धा विचारलं. न जाऊन कुठे गेले असते? आणि खरं सांगते, मला बघायचं होतं. क्लबच्या बाईनं मला निळा कोट दिला, काखेत काचणारा, आणि मोठा पोछा, पिळायच्या बादलीसकट. फरशी इतकी गुळगुळीत की उभं राहिलं की खाली आपणच दिसतो. मी स्वतःच्या तोंडावरून पोछा फिरवत पुढे जायची. संध्याकाळी कंबर धरून यायची तर दामू झोपलेला, घसा सांभाळायला म्हणे. दुधात हळद घालून मागायचा. मी द्यायची.

क्लबच्या हॉलात तालीम असायची. शिवांगी डाव्या हाताला, माझ्या कोपऱ्यात. मी मागे खांब पुसत. रसिका घड्याळ बघत म्हणायची, "काका, मुलांना पेशन्स नसतो. वेल कापून टाका. वाळकापासून सुरू करा." दामू वेल कापायचा. "माळ्याची बायको नको, सॅड आहे." दामू माळ्याची बायको मारून टाकायचा. शिवांगी हात वर करायची आणि कॉलनीतली पोरं ओरडायची, "हाँ जी!" दर ओळीला हाँ जी. दम नाही, रेंगाळणं नाही, सगळं एका मापाचं. दामूच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगायच्या, श्वास घ्यायला जागाच राहायची नाही. एकदा त्याला ठसका लागला. त्यानं मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी पोछा पिळला.

राक्षसाचा भाग तालमीत आलाच नाही. तिथपर्यंत पोचायच्या आधी लाइट गेली, आणि रसिका म्हणाली, बाकीचं काकांना येतंच की.

ती जागा काय आहे ते सांगायलाच हवं. वाळकातली राणी म्हणजे वेलावरच्या काकडीसारख्या वाळकातून निघालेली पोर. राजा तिच्याशी लग्न करतो, लढाईला जातो. जाताना सांगतो, "मी आलो की हाक मारणार नाही, नुसती कडी वाजवीन. दारातून कुणी हाक मारली, आवाज माझा असला तरी, ओ देऊ नकोस." मग राक्षस येतो, राजाचा आवाज घेऊन. तीन हाका मारतो. "राणी, राणी, जागी आहेस का?" अख्ख्या कहाणीत तेवढ्या तीन ठिकाणी हुंकार द्यायचा नाही. मी ओठ घट्ट मिटून बसायची, आणि माणसं माझ्या ओठांकडे बघायची. म्हाताऱ्या बायासुद्धा श्वास धरायच्या. त्या तीन हाका ओलांडल्या की राणी वाचली. तिथे चुकून हं गेला, तर तो राणीनंच दिला. गेलेला हुंकार परत येत नाही. राक्षस आत येतो, राणीला खातो, कहाणी तिथेच मेली. मग सांगणाऱ्यानं किंगरी फडक्यात बांधायची आणि उठायचं.

हे दामूनं बनवलेलं नाही, सासऱ्यांनी पाळलेलं आहे. एका लग्नात पाटलाच्या जावयानं दारूच्या नशेत पहिल्या हाकेला हं म्हटलं. बुवांनी तिथल्या तिथे गज खाली ठेवला. पाटील पाया पडला, पुन्हा सांगा म्हणाला. बुवा म्हणाले, "मेलेल्या राणीची कहाणी कुणाला सांगू?" आणि पंगतीवरून उपाशी, उन्हातून चालत घरी आले. ही गोष्ट दामू प्रत्येक कार्यक्रमात सांगायचा, छाती फुगवून. माझ्या बापानं भरलं ताट लाथाडलं, पण कहाणी बाटवली नाही! आणि लोक टाळ्या द्यायचे.

ओपनिंगच्या सकाळी मी शिवांगीला नऊवारी नेसवत होते. निऱ्या धरता धरता म्हटलं, "राक्षसाच्या हाकांना उत्तर द्यायचं नाही. पोरांनाही हात करून थांबव. तीन वेळा."

"मम्मी, प्लीज. रसिका मॅमनी सगळं सांगितलंय."

"अहो, तुम्ही तरी सांगा तिला."

दामू आरशात फेटा बघत होता. रसिकानं पाठवलेला, गुलाबी, जरीचा. "तिला माहितीये," तो म्हणाला. "पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. तू तुझं काम बघ."

बघितलं मी माझं काम.

हॉल थंडगार, एसीचा. बाहेर आभाळ मातकट झालं होतं, धुळीची आंधी येणार असं चौधरीण सकाळीच म्हणाली होती. पोरं पुढे, आयाबाप मागे खुर्च्यांवर. मी दाराशी, निळा कोट, बादली. कुणी सरबत सांडलं तर पुसायला. दामूनं किंगरीवर गज ओढला. आवाज मशीनमधून आला, मोठा, पण कुठेतरी पत्र्यासारखा. तरी मला गहिवरून आलं. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं त्या आवाजावर मी हं म्हणत आलेली, ओठ आपोआप हलले.

वाळूक फुटलं. हाँ जी! राणी निघाली. हाँ जी! राजा लढाईला गेला. हाँ जी! आणि दामूचा आवाज खाली आला. हिंदीत होतं, पण आवाज तोच, सासऱ्यांचा. "रानी, रानी, जाग रही हो?"

"हाँ जी!"

सगळी पोरं एकदम. शिवांगीचा हात वर, तोंड उघडं, तिचाही आवाज त्यात. आणि हसू, टाळ्या. मागे कुणी बाप म्हणाला, "वाह!"

दामूचा गज हवेत थांबला. घुंगरं थोडी वाजली आणि गप्प झाली. त्याचं तोंड पांढरं पडलं. शिवांगीनं हात खाली घेतला, तिलाही कळलं. दामूनं पोरांच्या डोक्यांवरून, खुर्च्यांवरून, थेट दाराकडे बघितलं, माझ्याकडे. मला वाटलं, ऊठ. देवा शपथ सांगते, मी मनात म्हणत होते, ऊठ रे, बांध फडक्यात. रविवार गेले खड्ड्यात, मी फरशा पुसून तुला जेवू घालीन. आपण उन्हातून चालत जाऊ. ऊठ.

पुढच्या खुर्चीवरून रसिकानं हातानं गोल गोल केलं. पुढे, पुढे.

दामू हसला. माझ्याकडून नजर काढली आणि हसला. "अरे! रानी तो बोल पड़ी!" तो म्हणाला. "तो राक्षस बोला, चलो बच्चो, नाचते हैं!" आणि किंगरीवर त्यानं सिनेमातली चाल धरली, त्या वर्षी रिक्षातून वाजायची ती. पोरं उठली. नाचली. रसिका उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. माझ्या सासऱ्यांची किंगरी ठुमकत होती, आणि राणीचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

कुणीतरी सरबत सांडलं. मी जाऊन पुसलं. दामूच्या पायाजवळच होतं ते, त्यानं पाय उचलला, मी पुसलं.

मग कोट खुंटीला लावला आणि निघाले. आंधी सुरू झाली होती. डोळ्यांत रेती, दातांखाली रेती, कॉलनीच्या बोर्डाचा पत्रा फडफडतोय. मागून कुणीतरी पळत आलं. शिवांगी होती. नऊवारीचा काष्टा सुटलेला, चपला हातात.

"तू कशाला आलीस? तिकडे जेवण आहे."

ती माझा पदर धरून चालायला लागली, लहानपणी धरायची तसा.

घरी लाइट नव्हती. मी दार लावलं, आतून कडी घातली, रेती येते म्हणून. दिवा लावला. परात काढली. शिवांगी भिंतीला टेकून बसली, गालावर धुळीचे ओघळ.

"मम्मी, मेरे से गलती हो गई."

"तुझ्याकडून चूक झाली. त्याच्याकडून चूक झालेली नाही," मी म्हटलं. "त्यानं जाणूनबुजून केलं." कळलं का तिला, मला माहीत नाही. पिठात पाणी ओतलं.

संध्याकाळ मातीच्या रंगाची झाली होती. बाहेर चौधरिणीच्या म्हशी ओरडत होत्या. त्या आवाजात दामूची पावलं आली, ओट्यावर थांबली. दार लोटलं गेलं, उघडलं नाही.

"इंदू!" तो म्हणाला. आवाज मऊ केलेला. "इंदू, ऐक तरी. दर रविवारचं नक्की झालं. बाईनं शाल दिली मला. इंदू, जागी आहेस का?"

माझे हात कणकेत थांबले. त्याला कळलं नव्हतं तो काय बोलला ते. शिवांगीला कळलं. ती ताठ बसली.

"इंदू, जागी आहेस का?"

पोरीनं माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ सुटले, बापाचा आवाज होता तो, पोरगी आहे, ओ देणारच. मी तिला डोळ्यानं खुणावलं नाही, हात उचलला नाही. तिनं आपले आपणच ओठ मिटले. घट्ट. मी बसायची तसे.

बाहेर वारा होता, दुसरं काही नाही. तिसरी हाक आलीच नाही. आता त्यालाही कळलं असणार. दाराखालच्या फटीत त्याची सावली दिसत होती.

मग कडी वाजली. हळू. बाहेरची कडी, बोटानं उचलून सोडल्यासारखी. राजा वाजवतो तशी.

"मम्मी," शिवांगी पुटपुटली, "कडी वाजली. खोलू?"

"कुणी खोलायचं?" मी म्हटलं. "राणी त्यानं दुपारीच राक्षसाला खाऊ घातली."

कडी पुन्हा वाजली. मी कणकेला तेलाचा हात लावला आणि पोळ्यांसाठी गोळे करायला घेतले, दोघींपुरते.